नवं खाल्लं असतं तर

गुरुवार, दिवेलागण. मामाचं घर.

बाबांचा हात द्रोणापर्यंत गेला होता. मी पाहिलं आणि तो थांबला.

येशूची प्रार्थना करतो म्हणून गावाने आम्हाला घरातून काढलं. आईच्या माहेरी आसरा मिळेल असं वाटलं होतं. आज इथे नवं खायचा सण. पुजाऱ्याने नव्या तांदळाचा भात गावदेवाला दाखवून आमच्यापुढे ठेवला. म्हणाला, "ज्यानं नवं खाल्लं तो आमच्या गावचा. मंग तुमाले कोनी उठवत नाई."

मामा हळूच म्हणाला, "खाऊन घ्या ना भाऊजी. पोटातलं कोन पाहून राह्यलं?"

बाबांनी हात पुढे केला. मी नुसतं पाहिलं. पण कसं पाहिलं, ते मला माहीत आहे. त्यांनी हात मागे घेतला. "नाई जमत, भाऊ."

उद्या निघायचं. अहेरीला, बहुतेक. तिथे आमचं कोणी नाही.

लहानपणी बाबांनीच शिकवलं होतं, देवाचे आभार मानून खाल्लं की अन्न ते अन्नच. मग मी त्यांच्याहून कडक कधी झाले? ती श्रद्धा होती, की नुसता ताठा? तो हात सारखा दिसतो. किती थकलेला होता.

आईला तर कोणी विचारलंच नाही. ती परसात धान कांडते आहे. मामी आत्ता म्हणाली, "राहू द्या ना बाई, उद्या निघायचं हाय तुमाले."

आई म्हणाली, "घरचंच तं काम हाय."