उलटा छापलेला नकाशा

खाली सही करणारी मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा घरे बांधण्याचा, माझ्यामागे काय कोणाला मिळावे ते या कागदात लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. डॉक्टरीणबाईंनी काल मला शंभरातून सात-सात वजा करत खाली यायला लावले. मी आले, मध्ये दोनदा त्याच चुकल्या. त्यांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकू शकेल असे माणूस या घरात कधी नव्हतेच. याआधीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती मी रागाच्या भरात केली होती. हे शांत डोक्याने केले आहे, असेही म्हणवत नाही.

कलम १. राहता फ्लॅट, कंपनी, ऑफिस आणि चालू असलेली दोन्ही कामे माझ्या मुलाला मिळावीत. नवरा गेला तेव्हा हा मुलगा नऊ वर्षांचा होता आणि एक इमारत जेमतेम जोत्यापर्यंत आली होती. पंधरा दिवसांनी मी साईटवर जाऊन उभी राहिले आणि सिमेंटच्या गोणीवर बसून नकाशा वाचायला शिकले. त्यानंतर एकतीस इमारती उभ्या केल्या. ऑफिसातल्या माझ्या खुर्चीचा उजवा हात निखळतो. तो मुलाने दुरुस्त करून घेऊ नये. गिऱ्हाईक फार बोलू लागले की तो हातात काढून घेता येतो.

कलम २. नवऱ्याचा पितळी ओळंबा, दोरीला सोडून भिंत सरळ आहे का ते बघायचा, आमच्या जुन्या मुकादमाला द्यावा. द्यायचे मनात नव्हते. एकोणीस वर्षे माझ्याकडे काम करून हा माणूस मला सोडून धाकटीकडे गेला. धाकटी म्हणजे माझ्या दिराची बायको, माझी जाऊ. लग्न होऊन आली तेव्हा शाळेत चित्रकला शिकवत होती. दिरांनी धंद्यातून अंग काढून घेतले आणि हिने उडी घेतली. न भाजलेल्या, यंत्रात दाबून केलेल्या मातीच्या विटा, वर चुन्याचा गिलावा, सिमेंट नावापुरते. मी चारचौघांत म्हणत असे, "आमची धाकटी अजून मातीत खेळते." पुढे तिच्या घरांसाठी लोक दोन-दोन वर्षे थांबू लागले आणि माझे फ्लॅट विकायला मला मॉड्युलर किचन फुकट द्यावे लागू लागले.

मुकादमाला मी विचारले होते, "तिथे असं काय ठेवलंय रे?" तो म्हणाला, "बाई, तिथं भर दुपारी भिंतीला टेकून बसता येतं." या उत्तरासाठी मी त्याला कधी माफ केले नाही. पण ओळंबा धरावा तर त्यानेच.

एकदा मी गिऱ्हाईक असल्याची बतावणी करून धाकटीने बांधलेले एका नर्सबाईंचे घर पाहून आले. उन्हाळ्याचे दिवस, पंखा बंद. भिंतीला हात लावला आणि काढवेना. नर्सबाई कौतुकाने म्हणाल्या, "बांधणाऱ्या बाई फार गोड आहेत हो." मला त्या रात्री जेवण गेले नाही. दुसऱ्या दिवशी मी माझ्या इमारतींना हिरवा रंग द्यायला लावला आणि जाहिरातीत 'पर्यावरणपूरक' असा शब्द टाकला. आत काहीही बदलले नव्हते.

कलम ३. ऑफिसच्या भिंतीवरचे बिल्डर संघटनेचे मानपत्र उतरवून धाकटीकडे पोहोचवावे. ते तिचे आहे. कसे, ते लिहिते.

बावीस वर्षांपूर्वी ती एक नकाशा घेऊन माझ्या जेवणाच्या टेबलाशी आली. चोवीस घरांची इमारत. मधोमध वरपर्यंत उघडी पोकळी, वाऱ्याच्या बाजूला बुटक्या खिडक्या, गरम हवा आपोआप वरून निघून जाईल अशी रचना. "बघा ना वहिनी, एवढं मोठं काम मला एकटीला झेपणार नाही. दोघी मिळून करू या?" मी म्हटले, "ठेवून जा, सवडीने बघते." आठवड्याने तिला सांगितले की जमण्यासारखे नाही. तीन महिन्यांनी तोच नकाशा माझ्या नावाने संघटनेच्या स्पर्धेत गेला आणि पहिला आला.

कार्यक्रमाला ती तिसऱ्या रांगेत बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या. बाहेर पडताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "वहिनी, नकाशा उलटा छापलाय. वारा पश्चिमेकडून येतो." आमच्या ड्राफ्ट्समनने ट्रेसिंगचा कागद पालथा ठेवला होता, पश्चिमेच्या खिडक्या पूर्वेला गेल्या होत्या. त्याच उलट्या नकाशावर मी इमारत बांधायलाही घेतली होती, जोते भरून झाले होते. मी पहिल्या मजल्यापासून खिडक्या फिरवून घेतल्या. तिने ते वाक्य गिळले असते तर चोवीस कुटुंबे भट्टीत राहिली असती आणि माझे नाव बुडाले असते. आजही तिथली माणसे रस्त्यात थांबवून सांगतात, "बाई, तुमचं घर काय गार आहे हो!" मी हसते. घरी येऊन कपाट आपटते.

तिने चोरी बोलून दाखवली असती तर मी भांडले असते, भांडण मला येते. ती बोलली नाही. तिच्या विटांपेक्षा, तिच्या गिऱ्हाइकांपेक्षा मी तिच्या या मोठ्या मनावर जास्त जळले.

कलम ४. कालव्याजवळची जागा माझ्या मालकीची आहे. धाकटीचे विटांचे काम तिथेच चालते, विटा पाडणाऱ्या बायकांची संस्थाही तिथलीच, सगळे माझ्या परवानगीने. ही परवानगी मी मुद्दाम एकेका वर्षाची देत असे, म्हणजे दर वर्षी तिला माझ्या दारात यावे लागे. आली की तिला बाहेरच्या खोलीत अर्धा तास बसवून ठेवत असे. आत मला काहीही काम नसे. मुलाचे म्हणणे, "आई, तिथे चौदा मजले होतात. काकूला कसली देतेस?" होत असतील. ~~ही जागा धाकटीला मिळावी.~~

(कलम ४ मधील शेवटचे वाक्य खोडले आहे. यापुढील मजकूर माझ्या हाताने, सह्या होण्याआधी.)

आज वकिलांनी वरील सगळे मोठ्याने वाचले. साक्षीदार म्हणून मी धाकटीला मुद्दाम बोलावले होते, कारण तोंडाने सांगणे मला जमले नसते. वाचून झाल्यावर वकील म्हणाले, "बाई, यांनी सही करू नये. ज्यांना मृत्युपत्रात काही मिळतं त्यांनी साक्ष घातली, तर त्यांना दिलेलं कोर्टात टिकणं अवघड. मानपत्रसुद्धा."

धाकटीने कागद ओढून घेतला. तिसरे कलम पुन्हा वाचले, बोट ठेवून.

"मी सही करते," ती म्हणाली.

"अगं, वेड लागलंय का? जागा कोण सोडतं?"

"जागा विटा पाडणाऱ्या बायकांच्या संस्थेला द्या. मानपत्रही नको. मी एक चमचा जरी घेतला तरी लोक म्हणतील, म्हातारीकडून लिहून घेतलं. मला हे कलम खरं ठरायला हवंय, वहिनी."

"पण तू तर ते केव्हाच सोडून दिलं होतंस."

"कोण म्हणालं?" तिचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "बावीस वर्षं या कागदाची वाट बघतेय मी. टाळ्या वाजवल्या त्या तुम्ही माझ्याकडे बघत होतात म्हणून. आणि दर वर्षी तुमच्या बाहेरच्या खोलीत बसायचे ना, ती परवानगीसाठी नाही. आज तरी बोलतील, म्हणून."

ज्या मोठ्या मनावर मी इतकी वर्षे जळत होते, ते माझ्याएवढेच निघाले. मला इतके बरे वाटले की वकिलांसमोर हसू फुटले. ती हसली नाही. तिने पेन मागितले.

म्हणून कालव्याजवळची जागा विटा पाडणाऱ्या अकरा जणींच्या संस्थेला मिळावी. मानपत्र धाकटीला न देता संघटनेला परत करावे, सोबत तिसऱ्या कलमाची नक्कल द्यावी. मुलाने कोर्टात जाऊ नये. गेलाच तर डॉक्टरीणबाई वजाबाकी करून दाखवतील.

धाकटी माझ्याआधीच सही करायला वाकली होती. वकिलांनी तिला थांबवले. आधी माझी लागते.

स्थळ: माझी जेवणाची खोली
दिनांक: नऊ मार्च, सकाळी साडेअकरा

लिहून देणार: (सही)

साक्षीदार १: डॉक्टरीणबाई (सही)

साक्षीदार २: धाकटी जाऊ (सही)
तिसऱ्या कलमातला नकाशा मी काढला आहे. वाचून, समजून सही करते.