कहकच्या भट्टीतली जावा

दमनहूर, ईदचा दुसरा दिवस

प्रिय नश्वा,

ईद मुबारक, पोरी. तुला दवाखान्यातल्या ड्यूटीतून सुटी मिळाली नाही म्हणून आई दोन दिवस भांडी आपटतेय. सोबत कहकचा, आपल्या ईदच्या बिस्किटांचा, डबा आहे, सगळा मैत्रिणींत वाटून टाकू नकोस. आता खरी बातमी. आपली जावा बोलायला लागली! बारा वर्षं जिन्याखाली गोधडी पांघरून पडलेली ती लाल म्हातारी काल एका किकमध्ये सुरू झाली. आई म्हणते, तू फोनवर गल्लीतल्या मांजरांचीसुद्धा चौकशी करतेस, पण गाडीचं नाव काढत नाहीस. का काढत नाहीस ते मला ठाऊक आहे. एकोणीस वर्षांची होतीस, कालव्याच्या वळणावर पडलीस, दुसऱ्या दिवशी इंजिनाखाली तेलाचं तळं साचलं आणि मी चारचौघांत ओरडलो, "मोडलीस ना माझी गाडी!" त्यानंतर तू तिला हात लावला नाहीस. तरीही वाच, कारण गंमत झालीय.

रमजानात दुकान दुपारीच बंद होतं आणि उपाशीपोटी झोप काही येत नाही. शेवटी इंजिन उतरवून स्वयंपाकघराच्या टेबलावर मांडलं. गिअर बसतात ते ॲल्युमिनियमचं कवच तडकलेलं होतं, पण भेग कुठून कुठवर गेलीय ते डोळ्यांना दिसेना. मग रॉकेल चोपडलं, कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड भुरभुरवली. भेगेत दडलेलं रॉकेल वर आलं, पांढऱ्यावर काळपट रेघ उमटली. ती जिथून निघाली होती ते पाहून मी सगळं पुसलं आणि पुन्हा एकदा पूड टाकून पाहिली. ते पुढे सांगतो, जरा धीर गोळा करू दे.

भेग आणखी पळू नये म्हणून तिच्या टोकाला बारीक भोक पाडलं. मग ते तापवून भेगेत जोड भरायचा होता, पण ॲल्युमिनियम मोठं लबाड. लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही, एकदम वितळून बसतं. म्हणून त्यावर साबणाची रेघ ओढायची, ती काळी पडली की आच पुरे. हाताला लागला तो आईचा चमेलीचा साबण. घरभर असा घमघमाट सुटला की आई म्हणाली, "अहो, इंजिन आहे की नवरी?"

जोड भरल्यावर कवच सावकाश निवायला हवं, नाहीतर पुन्हा तडकतं. घरच्या ओव्हनला आईने हात लावू दिला नाही. मग गरम असतानाच ताटात ठेवून, फडकं घालून गल्लीतल्या दसूकी बेकरीवाल्याच्या भट्टीवर नेलं. तो म्हणाला, "बहगत, लेका, कहकमध्ये तूप घातलंस की शिसं?" ईदची गर्दी, गल्लीतल्या प्रत्येक घराचं ताट तिथे, आणि सगळ्यांवर पांढरी फडकी. व्हायचं तेच झालं. आमचं ताट शेजारच्या फौकियाकाकूंकडे गेलं आणि त्यांचे चाळीस कहक आमच्याकडे आले. काकू दारात येऊन उभ्या, "इन्साफ, यंदा तुझे कहक जरा कडकच झालेत गं!" आई हसता हसता उंबऱ्यावरच बसली.

आता ते सांगतो. रेघ तेल काढायच्या बुचापासून निघाली होती, थेट तळातून. तू पडलीस डाव्या कुशीवर, तळाला खडासुद्धा लागला नव्हता. पण आदल्या दिवशी तेल बदलताना मी पान्याला लोखंडी नळी जोडून ते बूच आवळलं होतं. तू म्हणाली होतीस, "बाबा, पुरे, मोडेल ते." आणि मी म्हटलं होतं, "तू मला शिकवतेस?" गाडी मी मोडली, नश्वा, आणि बारा वर्षं तुझ्या नावावर खपवली. ज्या कॉफीखान्यात तो किस्सा रंगवून सांगायचो, तिथेच काल उभा राहून सगळ्यांसमोर खरं बोललो. आता तुला सांगतोय. मला माफ कर. हेच लिहायला बसलो होतो, बाकी सगळं धीर येईपर्यंतचं होतं. गाडी सुरू करून मी लगेच बंद केली, तिच्यावर बसलो नाही. कागद तुझ्या नावावर करायला टाकलेत. सुटी मिळाली की ये. तू चालव, मी मागे बसेन, आणि वळण आलं तरी तोंड उघडणार नाही.

तुझाच,
बाबा