दूध गार होण्याची वाट

ता. ९ मार्च

प्रिय दादास,

नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. इकडे ठीक आहे. आईचे गुडघे आणि वहिनीचा खोकला यांबद्दल तू काही लिहिलं नाहीस, तेव्हा दोन्ही बरे असणार असं धरून चालते. शाळेच्या परीक्षा तोंडावर आल्या आहेत. माझ्या खोलीला नवा रंग दिलाय, त्याचा वास अजून जात नाही. बाकी विशेष काही नाही.

आधी तुझ्या कामाचं. चीजचं दूध नीट धरत नाही, दही लिबलिबीत राहतं, सुरी घातली की सगळा काला होतो, असं तू लिहितोस. दूध जमवायचं रेनेट कशात मिसळतोस? उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळ. नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं, ते रेनेटलाही सोडत नाही. दूध कोपराला जेमतेम कोमट लागेल इतकंच हवं. गार दूध उशिरा जमेल, पण जमेल. आधी उकळी येईपर्यंत तापवलेलं दूध असेल, तर वर कितीही रेनेट ओत, दही कच्चंच राहणार. आणि एकदा ओतलं की हौदापासून लांब हो. सारखं बोट घालून बघू नकोस, तुला ती खोड आहे.

तू लिहिलंयस, "तू म्हणजे आमचं रेनेट आहेस. थेंबभर असतं, पण सगळं जमवून आणतं, आणि स्वतः खर्च होत नाही." वाक्य झकास आहे. गिऱ्हाइकांना लिहितोस तसंच. पण दादा, शाळेतला अर्धाच धडा तुझ्या लक्षात राहिलाय.

तो धडा मी परवाच वर्गात घेतला. पुस्तकात रेनेटसारख्या पदार्थांना विकरं म्हणतात; लाळेतही एक असतं, पिठाचे तुकडे करणारं. पिठाच्या पाण्यात आयोडीन टाकून निळं केलं आणि तीन नळ्यांत भरलं. एकीत साधी लाळ घालून ती कोमट पाण्यात ठेवली, दुसरीत तशीच लाळ घालून बर्फात, आणि तिसरीत उकळलेली लाळ. कोमट नळीतला निळा रंग बघता बघता गेला. इतर दोन निळ्याच राहिल्या. पुढच्या बाकावरची एक मुलगी, भारी चिकट, म्हणाली, "बाई, बर्फातली हातात धरून ठेवली तर?" म्हटलं, धरून बघ. हळूहळू तीही फिकट झाली. "मग उकळलेली गार केली तर?" म्हटलं, नाही गं. विकराचा रेणू विशिष्ट घडी घालून बसलेला असतो, त्या घडीवर त्याचं काम चालतं. थंडीत तो नुसता पेंगतो. उकळला की घडी विस्कटते, आणि मग गार केला म्हणून पुन्हा बसत नाही. तिला पटलं नाही. तास संपेपर्यंत ती तिसरी निळी नळी मुठीत धरून बसली होती.

मला तू आठवलास. हौदाच्या कठड्यावर बसलेला, दूध गार व्हायची वाट बघणारा.

तेव्हा बाबा डोळ्याच्या ऑपरेशनला गेले होते, आई त्यांच्यासोबत. डेअरी आपल्या दोघांवर होती. एका हॉटेलवाल्याला दुप्पट चीज हवं होतं, तेही लवकर. तू आदल्या दिवशी दूध थोडं जास्त तापवलंस आणि दही लवकर लागलं. झालं, तुला वाटलं गुपित सापडलं. दुसऱ्या दिवशी हात भाजेल इतकं तापवलंस. मी ओरडले, तर म्हणालास, "काल जमलं ना? मग आज आणखी लवकर जमेल." मी मोजून दिलेलं रेनेट तू त्या दुधात ओतलंस आणि ते तिथेच मेलं. मग गार होण्याची वाट बघत बसलास. दूध गार झालं, पण जमलं नाही. तेव्हा तू माझ्या हातातून बाटली घेतलीस आणि दुसऱ्यांदा ओतलंस, मापाशिवाय, भडाभडा. आता मात्र झटकन लागलं. शिवाय चीज लवकर मुरावं म्हणून ते ठेवायच्या कोठीचं गार करायचं यंत्रही बंद ठेवलंस.

रेनेट खर्च होत नाही, बरोबर आहे तुझं. म्हणूनच जास्तीचं घातलेलं चीजमध्ये राहतं आणि काम करत राहतं. प्रथिनं कुरतडतं. कोठी उबदार असली की दुप्पट जोमाने कुरतडतं, आणि त्या तुकड्यांची चव कडू होते. अख्खी कोठी कडू झाली.

काही आठवड्यांनी बाबांनी एक कपची तोंडात टाकली आणि थुंकली. विचारलं, "रेनेट कुणी घातलं?" तू म्हणालास, "रेनेट हिच्याकडेच असतं ना, बाबा." शब्द एकही खोटा नव्हता. मी तुझ्याकडे बघत राहिले, वाटलं पुढचं बोलशील. मग मीच बोलायला गेले, तर बाबांनी हात वर केला. "चुकलं तर चुकलं म्हणावं. भावावर काय ढकलतेस?"

लहानपणापासून बाबा मला थर्मामीटर म्हणायचे. हौदात कोपर बुडवून मी दुधाचं तापमान सांगायचे आणि ते बरोबर निघायचं, म्हणून. त्या दिवसापासून ते मला कागदावरच्या नावाने हाक मारू लागले. मी नोकरी धरून इकडे आले, ते रेनेटचं माप माझ्याकडून वहिनीच्या हातात गेलं म्हणून नव्हे. त्या हाकेमुळे आले.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. दवाखान्यात शेवटच्या दिवशी बाबांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "त्या रेनेटचं मनात ठेवू नकोस. माणूस चुकतं. मी माफ केलंय तुला." तू पायथ्याशी उभा होतास. त्यांच्या पायांवरची चादर सारखी करत होतास. सारखी असलेली चादर पुन्हा पुन्हा सारखी करत होतास. मी वाट पाहिली, दादा. मग मी म्हटलं, "हो बाबा, चुकलंच माझं." त्यांना बरं वाटलं.

ते गेले तेव्हा मला रडू आलं नाही, आधी राग आला. त्यांचाही आला. मुलगी इतकी वर्षं एकदाही माप चुकली नाही, आणि यांनी माझ्या तोंडाकडे एकदा नीट पाहिलं नाही. रडू परत येताना बसमध्ये आलं.

आणि आता तू लिहितोस, "बाबा गेल्यापासून मन खातंय, सगळ्यांना खरं सांगून टाकतो, तू परत ये." तुला वाटतं, मी एवढे दिवस बर्फात होते. चार उबदार शब्द लिहिले की कामाला लागेन. वर्गातली ती मुलगी तुझ्यासारखीच आशेने बसली होती.

मी येणार नाही. पण आई आहे. परवा फोनवर म्हणाली, "किती मोठं मन त्यांचं, जाता जाता तुला माफ करून गेले." मी हो म्हटलं. दोनदा झालं हे, तिसऱ्यांदा होणार नाही. तिला सांग. पत्रातून नको, वहिनीकरवी नको, समोर बसून स्वतःच्या तोंडाने सांग. आणि या वेळी अर्ध्यावर थांबू नकोस.

रेनेट उकळून गार केलेल्या पाण्यातच मिसळ. आईला नमस्कार.

बाबांनी दिलेलं आणि त्यांनीच काढून घेतलेलं नाव माझं मी परत घेते आहे.

तुझी धाकटी बहीण,
थर्मामीटर