दवाखान्यातली बंदूक

आई, भात पोटरीत आलं की दुपारी दवाखान्याच्या व्हरांड्यात सुस्त, हिरवट उजेड पसरतो आणि मला वाटतं, तू आत सुया उकळत बसली आहेस. स्टोव्हचा आवाज येतो. मी दप्तर घेऊन बाकावर बसलेली असते. मग कुणीतरी "सिस्टर" म्हणून हाक मारतं, आणि ती हाक आता माझ्यासाठी असते.

त्याच बाकाजवळ तुला एकाने कानाखाली मारली होती. त्याची बायको बाळंतपणात गेली होती, मुरबाडहून गाडी वेळेवर आली नव्हती. दुसऱ्या दिवशी तू त्याच्याच घरी बाळाला बघायला निघालीस, मला बरोबर घेऊन. "दुखातला मानूस हाय गो तो," म्हणालीस. गाव अजून ते कौतुकाने सांगतं. मी मात्र वाटभर तुझा सुजलेला गाल बघत होते.

यंदा एकजण बापाला घेऊन आला. घोणस चावलेली, त्यात दोन तास भगताकडे गेलेले. मुलगा रानडुकरांपासून शेत राखता राखता तसाच आलेला, ठासणीची बंदूक खांद्याला. डॉक्टर आत इंजेक्शन देत होते, मी गाडीसाठी शहापूरला फोन करत होते. त्याने नळी माझ्या छातीला टेकवली. "बाप मेला तं तुला पन ठेवनार नाय." बाहेर चिमण्या चिवचिवत होत्या, आणि मी स्वप्नात असल्यासारखी फोनवर पत्ता सांगत राहिले.

म्हातारा वाचला. मग हा काकड्यांची पाटी आणि चार जाणती माणसं घेऊन दारात आला. "चुकला तो. तुमची आय आसती तं मिटवलं आसतं," त्यातला एक म्हणाला. मलाही आधी तसंच वाटलं. पण दवाखान्यात कुणी जरा मोठ्याने बोललं तरी मी हातातलं काम टाकून दाराकडे बघायला लागले. एका लेकराला सुई टोचताना थांबावं लागलं, तेव्हा मी घाबरले. तिथून उठून शहापूरला गेले आणि तक्रार दिली.

बंदूक जप्त झाली, तो जामिनावर आहे. त्याची बायको लेकराला डोस द्यायला आणत नाही. मी जाईन तिच्या दारी, जायलाच हवं. तक्रार मात्र मागे घेणार नाही.

खरं सांगू? सही करताना मला त्याचा नाही, तुझा राग आला होता. तू असतीस तरी हे पत्र मी तुला दिलं नसतं.