पावसाळ्यातलं नितळ पाणी

२० जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र नाही म्हणून रुसला असशील. पण इथे मान वर करायला फुरसत नाही. दर पावसाळ्यात नदी गढूळ होते आणि आमचा कापड रंगवायचा कारखाना बंद पडतो. यंदा उलटंच! वर डोंगरात पाऊस कोसळतो आहे, तरी परवापासून नदी घोट्याएवढी आणि काचेसारखी नितळ. ह्यांना आकाश ठेंगणं झालंय. पिवळा रंग इतका कधी खुललाच नव्हता म्हणतात. पिंपं थेट पात्रात मांडली आहेत. तू भूगोलाचा मास्तर, सांग बरं, नदीला ही सद्बुद्धी कुठून सुचली? मला मात्र तिचा आवाज बंद झाल्यापासून झोप नाही.

लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.

तुझी,
चिमणी

२२ जुलै

चि. चिमणीस,
अ. आ.

हे पत्र टपालाने न धाडता बसचालकाच्या हाती देत आहे. घाबरू नकोस असे लिहिणार होतो. पण खरे सांगतो, घाबर.

क्रमाने समजून घे. तुमच्या वर दरी बाटलीच्या गळ्यासारखी अरुंद होते आणि तिथला डोंगर ठिसूळ आहे. वाहते पाणी गाळ उचलून नेते, थांबलेले पाणी तो खाली टाकते. पाऊस असून नदी आटली, म्हणजे ती वर अडली आहे. नितळ झाली, म्हणजे गाळ तिथेच बसतो आहे आणि तुमच्यापर्यंत केवळ झिरपा पोचतो आहे. दरड कोसळून बांध झाला आहे, चिमणे! पाणी माथ्यावरून वाहू लागले की मातीचा बांध टिकत नाही.

आता जायचे कुठे? दरीच्या उतारावर जमिनीच्या पायऱ्या आहेत. जिथे विहीर खणताना गोल गोटे निघतात, ती पायरी नदीनेच रचलेली. तिथवर ती पुन्हा येऊ शकते. गोटे संपून तांबडी माती लागते, तिथे चढा. जावईबापू हसतील. हसू देत, पण वर बसून.

जीव मुठीत धरून वाट पाहणारा,
दादा

२४ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आम्ही तांबड्या मातीवर आहोत.

तुझं पत्र वाचून दाखवताच शेजारी मुलाबाळांसह चढले. हे हटून बसले. म्हणाले, तुझ्या भावाने नदी नकाशात पाहिली, मी तिच्यात हात घालून जगतो. असं पाणी सोडून पळालो तर लोक वेड्यात काढतील. मी पाया पडले, रडले. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी काळ्या रंगाचं अख्खं पिंप त्यांच्या पिवळ्या कापडावर उपडं केलं आणि पळत सुटले. तोंडाला येईल ते बोलत हे मागे. चढणीवर दम लागून थांबले, तेव्हा मी वळून म्हटलं, म्हाताऱ्यांनाही याहून भरभर चढता येतं. हे पुन्हा धावले.

माथ्यावर त्यांनी माझा उजवा दंड धरला, तेवढ्यात जमीन थरथरली. आधी चिखलाचा वास असलेला वारा आला. मग नदी आली, दादा, उभी. कारखाना काडेपेटीसारखा उचलला गेला.

तेव्हापासून ह्यांनी माझा दंड सोडलेला नाही. म्हणून डाव्या हाताने लिहिते आहे; अक्षराला हसू नकोस, आणि माया पातळ करू नकोस.

तुझी,
चिमणी