आईच्या बुडालेल्या मजुरीसह

माझ्या अपस्माराने या घराला आजवर किती खर्चात पाडलं? हे मृत्युपत्र लिहायला बसले तेव्हा आधी तोच आकडा मांडायचा होता. तो मला काढता येत नाही. गोळ्यांच्या पावत्या आहेत, पण आईच्या बुडालेल्या मजुरीची पावती कुणी देत नाही.

मी, वय वर्षे चोवीस, घरातली पहिली पदवीधर, माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मदतनीस, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहीत आहे. ‘पूर्ण शुद्धीत’ असं माझ्यासारखीने लिहिलं की लोक हसतात, म्हणून डॉक्टरीणबाईंचा दाखला जोडला आहे. त्याचेही पैसे पडले. मला मरायची घाई नाही. पण झटका सांगून येत नाही, आणि काही गोष्टी लेखी झाल्याशिवाय मला स्वस्थ बसवत नाही.

१. माझी पदवी आईची. मला एकटं सोडायचं नाही म्हणून शिवणकारखान्यातली नोकरी सोडून ती तीन वर्षं कॉलेजच्या पायऱ्यांवर बसली, मांडीवर शर्ट घेऊन काजं-बटणं करत. कागदावर नाव माझं आहे, ती चूक समजावी.

२. बँकेतली शिल्लक बाबांना. त्यातून आधी स्वतःचा चष्मा करावा. “पुढच्या महिन्यात बघू” चालणार नाही.

३. स्टीलचा चमचा मोठ्या काकांना. मला झटका आला असताना त्यांनी तो दातांत कोंबून पुढचा दात पाडला. वर म्हणाले, “अगं, जीभ तर वाचली ना!” वाचली, म्हणून तिनेच सांगते: तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा. दाताचा खर्च माफ. “हिला शिकवून काय दिवे लावणार” हे माफ नाही.

४. गोळ्यांबाबत. धाकट्या बहिणीच्या फीसाठी मी गुपचूप निम्मी गोळी घेऊ लागले. डबा संपत नाही हे पाहून आईला वाटलं, डॉक्टरीणबाईंनी कमी केली असेल. त्याच फीसाठी तीही गुपचूप निम्म्याच गोळ्या आणू लागली. महिनाअखेरीस हात थरथरायला लागले, म्हणून पूर्ण गोळी घ्यायला गेले, तर डबा रिकामा. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत कोसळले. टाके पडले, काचसामान फुटलं, ते पगारातून कापलं. सगळं मिळून फीपेक्षा जास्त गेलं. साहेब म्हणाले, “आधी का नाही सांगितलंस?” सांगितलं असतं, तर कामावर ठेवलं असतं का? यापुढे माझ्या गोळीत कुणीही काटकसर करायची नाही, मीसुद्धा. हे कलम मी जिवंत असतानाच लागू आहे.

५. धाकटीला काहीही ठेवलेलं नाही. मी प्रयोगशाळेत पडल्यापासून घरात ठरत होतं की तिने कॉलेज सोडून माझ्यासोबत फिरायचं. आईनंतर आता ती. “ताई, मला तसंही गणित जमत नाही,” म्हणाली. खोटारडी! वर्गात पहिली येते. माझ्या नावाने ठेवलेली सोन्याची साखळी मी विकली आणि परगावच्या कॉलेजात तिची वर्षाची फी, वसतिगृहासह, भरून टाकली. तिचा वाटा तिला पोचला आहे. त्यावर कुणी हक्क सांगू नये.

साक्षीदार: औषधाच्या दुकानातले भाऊ, डॉक्टरीणबाई. (आईला सही करायची होती. वाटा मिळणाऱ्याची साक्ष चालत नाही, हे तिला अजून पटलेलं नाही.)

स्थळ: आमची पुढची खोली.

दिनांक: आठ जून, सोमवार. धाकटीची बस नऊला सुटली. स्टँडवरून मी एकटी चालत घरी आले.