भात गरम ठेवणाऱ्या भिंतीपुढे दुसरी भिंत बांधण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
देओ सिम भूमिगत कोळसा खाण,
क्वांग निन्ह प्रांत.

अर्जदार : बुई थी थोआ, कामगार भोजनगृह, देओ सिम.

विषय : तिसऱ्या थरातील बंद बोगद्याची भिंत तापत असल्याने तेथे जेवायला बसणारी टोळी तातडीने हलवण्याबाबत, व त्या भिंतीपुढे दुसरी भिंत बांधण्याबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज आणि आपली तीन उत्तरे.

महोदय,

१. मी आपल्या भोजनगृहात पाळीवर उतरणाऱ्यांचे जेवण बांधून देते. माझे पती फाम वान लुओंग तीन वर्षांपूर्वी तिसऱ्या थराच्या बोगद्यात, हातात घास असताना, जुन्या बंद भागातून आलेल्या विषारी वायूने गेले. आत कोळसा धुमसत होता म्हणून त्यांना बाहेर काढता आले नाही. आगीला हवा मिळू नये यासाठी बोगद्याचे तोंड विटांनी बंद करण्यात आले. ते भिंतीच्या पलीकडे आहेत. हे आपणास ठाऊक आहेच. परंतु अर्जात सगळे पहिल्यापासून लिहावे, असे आपल्याच कार्यालयाने मला दोनदा कळवले आहे.

२. तीन वर्षे झाली की माणसाची हाडे वर काढायची, सुगंधी पाण्याने धुवायची आणि मातीच्या लहान पेटीत कायमची निजवायची, हे मी आपणास काय सांगावे? आपणही आपल्या वडिलांची धुतली असतील. तोवर माणूस ओल्यात पडलेला असतो. माझ्या सासूबाई रोज सकाळी म्हणतात, "माझं पोर अजून ओलंच आहे, आणि तू जगाला जेवू घालत फिर." पेटी मी आणून ठेवली आहे. ती रिकामी पाहून कोंबडीने तिच्यात अंडी घातली. सासूबाईंनी कोंबडीला शिव्या दिल्या, पण उठवले नाही.

३. पहिल्या अर्जात मी भिंत फोडण्याची विनंती केली होती. आग असल्याने ती नामंजूर झाली, ते मला पटले. दुसऱ्या अर्जात, निदान भिंत बाहेरून धुण्यासाठी मला खाली उतरू द्यावे, असे लिहिले. स्त्रियांच्या आरोग्याच्या काळजीपोटी त्यांना भूगर्भात प्रवेश नाही, असे उत्तर आले. काळजीबद्दल आभारी आहे. तिसऱ्या अर्जात, मग त्यांच्या हाडांचे काय करायचे, एवढेच विचारले. उत्तर म्हणून आपण एक तक्ता पाठवला. त्यात "अवशेषांची सद्यस्थिती" असा रकाना होता. मी त्यात "एकटा" असे लिहिले. तक्ता "अपूर्ण" म्हणून परत आला. सोबत सुरक्षा सप्ताहाची छत्री होती. छत्री चांगली आहे.

४. येथपर्यंतची माझी तक्रार मी या अर्जाने मागे घेत आहे. आता जे लिहिते ते कृपया आजच वाचावे.

५. माझा दीर फाम वान क्वी त्याच थरावर काम करतो. खाली गारठा आणि ओल इतकी, की चिकट भाताचा मुटका जेवणाच्या वेळेपर्यंत दगड होतो. गेल्या हिवाळ्यापासून मात्र जेवणाबद्दल एकही तक्रार वर आली नाही. मी क्वीला विचारले, तेव्हा तो हसत म्हणाला, "वहिनी, आम्ही जेवण दादाच्या भिंतीला टेकवून ठेवतो. पाठ कशी ऊबदार असते त्याची! जेवायला बसावं तर भात वाफाळलेला." टोळीचे मुकादम तो वान बाक तर भिंतीला हात लावून म्हणतात, "लुओंग, वाढ रे बाबा." खाली ज्योत पेटवायची नाही, म्हणून कुणी कुणी तिथे न पेटवलेल्या उदबत्त्या ठेवतात. तिथे बसण्यास मनाई आहे हे त्यांना माहीत आहे. पण आपल्या माणसाच्या पाठीशी बसायला मनाई कशी असेल, असे त्यांना वाटते.

६. मलाही तसेच वाटले. एक अख्खा हिवाळा मी त्यांच्या नावाचा एक मुटका जास्त बांधला, वर लाल दोरा. तो कोण खात होते ते मी विचारले नाही. ओल्यात पडलेला माणूस दुसऱ्यांचा घास गरम ठेवतो, एवढे मला पुरेसे होते. सासूबाईंनाही सांगितले. त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या.

७. परवा क्वीने मुटका बांधलेले केळीचे पान परत आणले. भिंतीकडची बाजू करपलेली होती, तव्यावर टाकल्यासारखी. तो म्हणतो, "दादा तापलाय, वहिनी. मीठ कमी पडलं असणार." पण हसता हसता त्याने डोके धरले. चार दिवस डोके जड आहे, मळमळते. मी विचारले, "आणि बाकीच्यांचं?" तर म्हणे, "सगळ्यांचंच. झोप पुरत नाही." एकाच वेळी सगळ्या टोळीची झोप कशी पुरत नाही, महोदय?

८. तेव्हा मला आठवले. जाण्याच्या आदल्या आठवड्यात माझे पतीही म्हणाले होते, "हल्ली तुझा भात शेवटच्या घासापर्यंत गरम असतो. काय करतेस काय?" तेही तेव्हा एका जुन्या बंद भागाच्या भिंतीला पाठ लावून बसत. त्या भिंतीमागे आग होती आणि तिच्या फटीतून वायू आला, असे आपल्याच चौकशीत निघाले व फाटकाशी सर्वांना वाचून दाखवले गेले. ते सर्वांनी ऐकले. पण ही भिंत तापते ती आगीने, असे कुणाच्या मनात आले नाही. कारण हिच्यामागे लुओंग आहे.

९. वायू मोजण्याचे यंत्र भिंतीपासून दूर, बोगदे मिळतात तिथे टांगलेले आहे. भिंतीपाशी बसण्यास मनाई आहे, म्हणून तिथे कुणी बसत नाही असे धरलेले आहे, असे मला आपल्या सुरक्षा कक्षात समजले. कृपया असे धरू नये. ते तिथे बसलेले आहेत.

१०. मी हे लिहिणार असे कळल्यावर मुकादम बाक स्वयंपाकघराच्या दारात आले. म्हणाले, "वहिनी, वर कळवू नका. भाग बंद करतील, टोळी फोडतील, आम्हाला खालच्या पाणी भरलेल्या थरात घालतील. ते जाऊ दे. पण मग त्याच्याजवळ कोण बसेल?" कांदा चिरायला घेतला होता, ते बरे झाले. टोळीवर कारवाई करू नये, ही विनंती. त्यांनी नियम मोडला तो मायेने. आणि माया करणारी माणसे आता मला भिंतीपलीकडे नकोत. एक आहे, तेवढा पुरे.

११. तरी, टोळीला आजच्या दुसऱ्या पाळीपासून तेथून हलवावे, भिंतीची उष्णता व वायू भिंतीपाशीच मोजावा, आणि तिच्यापुढे दुसरी, अधिक जाड भिंत बांधावी. मग ते कधीच बाहेर येणार नाहीत, हे मला समजते. आजवर भिंत फोडा म्हणून मागणारी मीच होते, म्हणून दुसरी बांधा हेही मीच मागावे, दुसऱ्या कुणावर ते ओझे नको. सासूबाईंना मी सांगेन.

१२. शेवटची विनंती. सोबत पाण्याचा डबा पाठवत आहे. त्यात चक्रफूल, दालचिनी आणि आले उकळलेले आहे. हाडांसाठी केले होते. दुसऱ्या भिंतीचे सिमेंट कालवताना हे पाणी वापरावे. यास कोणत्याही नियमाची आडकाठी नसावी. पाण्यात पाणीच आहे. आणि पहिली वीट लावण्यापूर्वी गवंड्याने पलीकडे ऐकू जाईल असे सांगावे, की टोळी आता इथे जेवायला येणार नाही. नाहीतर ते भात गरम ठेवून वाट पाहत बसतील.

या अर्जाचे उत्तर लेखी नको. आज रात्री क्वी दुसऱ्या पाळीवरून घरी येऊन गार भातावर कुरकुरला, की मला उत्तर मिळाले.

आपली,
भोजनगृहातील
बुई थी थोआ

दिनांक : ११ डिसेंबर

सोबत :
केळीचे पान, एका बाजूने करपलेले.
सुगंधी पाण्याचा डबा. (झाकण घट्ट आहे, उघडताना सांभाळावे.)
सुरक्षा सप्ताहाची छत्री, गवंड्यासाठी. तिथे छतातून पाणी गळते असे क्वी म्हणतो.